ऐनवेळचा विषय

"त्या खुर्चीचा पाय मोडलाय. पडशील. हितं खाली बस."

तात्या असं म्हणाला आणि मी खाली बसले. ग्रामपंचायतीच्या ऑफिसात, दाराजवळ, चपलांच्या शेजारी. सतरंजी टेबलापाशीच संपत होती. मी बसले तिथं नुसती फरशी. मग तात्या स्वतः त्या खुर्चीवर बसला. आरामात मागं रेलला. खुर्ची कुरकुरलीसुद्धा नाही.

सगळे बघत होते. एक जण हसला, मग बाकीचे हसले. मी पदर पुढं ओढला आणि फरशीकडं बघत राहिले.

ती खुर्ची सरपंचाची होती. आणि त्या दिवसापासून सरपंच मी होते.

तोंडावर मी त्याला 'तात्या, तुम्ही' असंच म्हणते. अजूनही म्हणते. लिहिताना म्हणत नाही. इथं कुणी ऐकत नाही.

आमचं गाव मुळशी तालुक्यात. नांदे, चांदे मागं टाकून आत गेलं की लागतं. गाव ओढ्याच्या अलीकडं, आमची वस्ती पलीकडं, गायरानात. वस्तीला गाव ज्या नावानं हाक मारतं ते मी लिहिणार नाही. ते नाव आम्ही ठेवलेलं नाही. आम्ही शिंदीच्या पानांच्या केरसुण्या बांधतो. गावातलं प्रत्येक घर आमच्या केरसुणीनं झाडलं जातं, पण केरसुणी द्यायला गेलं की उंबऱ्याच्या बाहेर उभं राहायचं. मी लहानपणापासून तशीच उभी राहिले. चौथी झाली आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला शाळा सोडली. वर्गातही मी दाराजवळच बसायचे. त्यामुळं त्या दिवशी ऑफिसात दाराजवळ बसताना मला पहिल्यांदा वाटलं ते हेच, की आपली जागा ओळखीची आहे.

हे मला आता लिहायला जड जातंय. पण तसंच वाटलं होतं.

मी सरपंच कशी झाले तेही सांगते. पद आमच्या जातीच्या बाईसाठी राखीव निघालं. तात्या गावचा जुना पुढारी, रस्त्याकडची जमीन विकून बंगला बांधलेला, कमरेला मोबाईल लावलेला. तो आमच्या दारात आला. आत आला नाही, अंगणात उभा राहिला. माझा नवरा तेव्हा त्याचा ट्रॅक्टर चालवायचा.

"तुझ्या बायकोला उभी करायची," तात्या म्हणाला. "बोलत न्हाई न्हवं ती?"

"न्हाई तात्या. लई गरीब हाय."

"मग झालं तर."

मी आत चुलीपाशी होते. मला कुणी विचारलं नाही. शेजारची गजरामावशी नंतर म्हणाली, "अगं, तुला निवडली ती तोंड न्हाई म्हणून. गायीला दावं बांधत्यात ना, तसं तुला पद बांधलं." मावशी कायम अशीच बोलायची. त्या दिवशी तिचा राग आला. खरं होतं म्हणून आला असेल.

सभेची भीती मला किती होती ते सांगते. मासिक सभेच्या दिवशी मी सकाळपासून पाणी पीत नसे. ऑफिसला बायकांसाठी मोरी नव्हती आणि भीतीनं मला सारखं बाहेर जावंसं वाटायचं. उठून जायचं तर सगळ्या पुरुषांच्या पायांवरून जावं लागे. म्हणून पाणीच प्यायचं नाही. ओढा ओलांडताना हाताला घाम सुटायचा. ऑफिसच्या पायऱ्या चढताना कानात गरम वाफ गेल्यासारखं व्हायचं, मग कोण काय बोलतंय ते नीट ऐकूही येत नसे. जीभ टाळ्याला चिकटायची.  

सभा अशी चालायची. तात्या उपसरपंच, पण बसायचा सरपंचाच्या खुर्चीवर. बाजूला भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक. तो बाहेरगावचा, नोकरीसाठी इकडं आलेला, भूगावला खोली घेऊन राहायचा. तो विषय वाचायचा. पाणीपुरवठा. दिवाबत्ती. घरपट्टी. वाचून झालं की तात्या म्हणायचा, "मंजूर." बाकीचे सदस्य मोबाईलवर नाहीतर आपापसात जमिनीचे भाव बोलत असायचे. मध्येच माना हलवायचे. चहा यायचा. मला यायचा नाही. कप कमी पडायचे. दर सभेला कप कमी पडायचे.

माझ्याशिवाय आणखी एकच बाई होती, नंदाताई. गावातली, मोठ्या घरची. तिला खुर्ची होती. पण तीही बोलत नसे. एकदा मी तिच्याकडं बघितलं तर तिनं नजर खाली नेली. मला वाटलं, ही मला टाळतेय. पुढं कळलं, तिच्या घरच्यांनी तिला सांगून पाठवलेलं असायचं की मान वर करायची नाही.

आणि सगळ्यात शेवटी यायचा तो विषय. प्रत्येक सभेत यायचा. भाऊसाहेब एका दमात वाचायचा: "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांवर विचार करणे."

कागदावर नसलेलं काही कुणाला आयत्या वेळी मांडायचं असेल, तर ते इथं मांडायचं. आणि सभेची अध्यक्ष कोण, तर मी. म्हणून तात्यानं त्याची एक गंमत केली होती. तो खुर्चीतून पुढं वाकायचा, चपलांकडं बघत हात जोडायचा आणि म्हणायचा, "काय सरपंचबाई, परवानगी हाय नव्हं?"

सगळे हसायचे.

मी मान हलवायचे.

"हाय म्हणत्यात. लिवा भाऊसाहेब."

मग पुन्हा हसायचे. दर महिन्याला तीच गंमत, तेच हसणं. सभा संपल्याची ती खूण झाली होती. मी मान हलवली की लोक चपला घालायला उठायचे आणि माझ्याच अंगावरून हात घालून आपापल्या चपला ओढायचे. पहिल्या काही सभांनंतर घरी जाऊन मी रडले. मग रडणं थांबलं. ते थांबलं तेव्हा मला वाटलं, मी शिकले. आता वाटतं, तेव्हाच मी सगळ्यात खाली गेले होते.

एकदा पौडला महिला सरपंचांचं प्रशिक्षण झालं. पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या. छान बोलायच्या. सभा कशी चालवायची ते त्यांनी फळ्यावर लिहून दाखवलं. विषय आधी कळवायचे. सगळ्यांना बोलू द्यायचं. एकानंच बोलत राहायचं नाही. अध्यक्षानं ठामपणे बोलायचं, डोळ्याला डोळा भिडवून. मग म्हणाल्या, "चला, आता प्रत्येकीनं उभं राहून ओळख करून द्या. लाजायचं नाही हं."

माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले आणि माझं नावच मला आठवेना. मॅडम हसून म्हणाल्या, "किती लाजता."

लाज नव्हती ती. मॅडमना दोन्हींतला फरक माहीत नसावा. लाजणाऱ्या बाईचं कुणी काही काढून घेणार नसतं. माझ्या नवऱ्याची नोकरी तात्याकडं, आमचं घर गायरानात, आणि गायरानाचा कागद पंचायतीत. मी कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवायचा? फळ्यावर ते लिहिलेलं नव्हतं.

पण एक गोष्ट मी तिथं ऐकली आणि ती डोक्यात राहिली. शेजारी बसलेली एक म्हातारी सरपंच, डोंगरातल्या गावची, मॅडमना म्हणाली, "बाई, आमच्याकडं इषय आधी कळवत न्हाईत. कळवला तर आमी इचार करू ना. म्हणून कळवत न्हाईत." सगळ्या हसल्या. मॅडमही हसल्या. मला हसू आलं नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्याच्या शेवटची गोष्ट. हिंजवडीकडं काचेच्या इमारती वाढत होत्या. रात्री आमच्या वस्तीतून तिकडचा उजेड दिसायचा. महाळुंग्यापासून आमच्यापर्यंत जमिनीला भाव आला होता आणि गावात रोज नवीन गाड्या यायच्या. सभेच्या दिवशी ऑफिसपुढं अशीच एक पांढरी गाडी उभी होती.

आत एक अनोळखी माणूस बसलेला, कुणी बिल्डर. बूट काढले नव्हते. टेबलावर मोठा नकाशा पसरला होता आणि सगळे सदस्य त्यावर वाकले होते. मी माझ्या जागी जाऊन बसले. मला खालून नकाशाची पाठ दिसत होती. खिडकीतनं ऊन येत होतं, त्यामुळं कागदातून लाल रेघ आरपार दिसत होती. ती कुठून कुठं जाते ते मला उलट्या बाजूनं कळेना. पण बोलणं कळत होतं.

"एंट्री इधर से दी तो मेन रोड को डायरेक्ट," बूटवाला म्हणाला.

"हितनं सोप्पं हाय," तात्या म्हणाला. "ओढ्यावर मोरी टाकायची, की गायरानातनं सरळ वर."

"और ये घर?"

"घरं कसली. पत्रं हायेत. अतिक्रमण म्हणायचं."

एक सदस्य हळू आवाजात म्हणाला, "आन् ती लोकं कुटं जायाची?"

"जात्यात कुटंबी. त्यास्नी काय, केरसुण्या कुटंबी बांदता येत्यात."

हसले. बूटवालाही हसला. त्याला कळलं असेल नसेल.

मी तिथंच बसले होते. त्यांच्या पायापाशी. त्यांनी आवाज खाली केला नाही. मी तिथं आहे हे ते विसरले होते असं मी पुष्कळ दिवस समजत होते. ते विसरले नव्हते. मी ऐकलं काय, नाही ऐकलं काय, त्यांना सारखंच होतं.

माझं घर त्या रेघेत होतं. पहिलंच. गजरामावशीचं त्याच्या पाठीला. माझ्या सासऱ्यानं ते घर दगड वाहून वाहून उभं केलं. माझ्या दोन्ही मुली त्या घरात जन्मल्या.

सभा सुरू झाली. पाणीपुरवठा, मंजूर. दिवाबत्ती, मंजूर. मला काहीच ऐकू येईना. फक्त ती वाफ. सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता तरी पोट दुखत होतं, उठून पळावंसं वाटत होतं. मनात एकच चाललं होतं. आता शेवटचा विषय येईल. आता तो वाकेल. आता विचारेल. आणि मी मान हलवीन. माझ्या मानेला सवय आहे. ती आपोआप हलेल.

भाऊसाहेबानं वाचलं, "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांवर विचार करणे. विषय, गायरानातून रस्त्यासाठी ना हरकत देणे व अतिक्रमण हटवणे."

तात्या पुढं वाकला. पाहुण्याला गंमत दाखवायची म्हणून जरा जास्तच वाकला. हात जोडले. "काय सरपंचबाई, परवानगी हाय नव्हं?"

हसायला सुरुवात झालीसुद्धा होती.

"न्हाई."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. बारीक. फाटलेला.

"काय म्हणली?"

"परवानगी न्हाई."

हसणं लगेच थांबलं नाही. ते आधीच निघालं होतं, त्यामुळं थोडं पुढं गेलं आणि मग थांबलं. भाऊसाहेबाचा पेन थांबला. तो माझ्याकडं वाकून अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "बाई, तसं नसतं ते. ते नुसतं वाचायचं असतं."

"मग इचारता कशाला?"

हे मी भांडायला म्हणाले नाही. मला खरंच कळत नव्हतं. दर महिन्याला विचारतात, मान हलली की लिहितात. मग मान नाही हलली तर काय लिहितात? कायदा काय सांगतो ते मला ठाऊक नव्हतं. आजही पुरतं ठाऊक नाही. मी फक्त त्या शब्दाचा अर्थ धरला. परवानगी म्हणजे द्यायची किंवा नाही द्यायची. एवढं चौथीतल्या पोरीलाही कळतं.

तात्या उठला. "ए," तो म्हणाला. 'सरपंचबाई' म्हणणं गेलं. "तुझा नवरा कुणाच्या ट्रॅक्टरवर हाय, म्हाईत हाय नव्हं?"

मला माहीत होतं. मला सगळं माहीत होतं. मला तेव्हा काही तरी बोलायला हवं होतं, पण तेवढ्यातच माझं सगळं संपलं होतं. पोटातली कळ आता सहन होईना. मी उठले. कुणाच्या पायावरून गेले, कुणाच्या चपलेवर पाय पडला, काही कळलं नाही. अनवाणीच बाहेर पडले आणि शाळेच्या भिंतीमागं जाऊन बसले. पुष्कळ वेळ तिथून उठता आलं नाही.

गावात नंतर पसरलं की सरपंचबाईनं सभा तोडली, रागानं उठून गेली. मी रागानं गेले नव्हते. पण त्यांना तसं वाटलं. अध्यक्षच उठून गेल्यावर पुढं लिहायचं कसं म्हणून भाऊसाहेब अडला. ते न लिहिताही तात्यानं रेटलं असतं. पण तो बूटवाला म्हणाला म्हणे, "तात्या, लफडा नहीं चाहिए. पेपर क्लीन चाहिए." आणि नकाशा गुंडाळून गाडीत बसला. हे मला नंदाताईनं सांगितलं, दळणाच्या गिरणीत, माझ्याकडं न बघता, जाता जाता. "तू उठलीस ते बरं केलंस," एवढं म्हणाली आणि डबा घेऊन गेली.

त्याच संध्याकाळी तात्यानं माझ्या नवऱ्याकडून ट्रॅक्टरची किल्ली मागून घेतली.

नवरा घरी आला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "एक शबुद बोलायचा व्हता तर व्हय म्हणायचं," तो म्हणाला. "सगळी म्हणत्यात."

"आपलं घर जानार व्हतं."

"मंग मला सांगायचं. मी पाय धरलं असतं त्यांचं."

हे ऐकून मला त्या ऑफिसात वाटलं नव्हतं तितकं वाईट वाटलं. तो चांगला माणूस आहे. पण त्याच्याही डोक्यात दुसरा रस्ताच नव्हता. आमच्याकडं दुसरा रस्ता कधी नव्हताच, एक तर मान हलवायची नाहीतर पाय धरायचे.

मग अविश्वास ठराव आला. कारण लिहिलं होतं: सरपंच सदस्यांना विश्वासात घेत नाहीत आणि मनमानी कारभार करतात. मनमानी. मी तो शब्द पुन्हा पुन्हा वाचला. चहाचा कप न मिळणारी बाई मनमानी करते.

पौडवरून तहसीलदार आले. त्यांनी मला खुर्ची दिली, समोर. सभा नेमाप्रमाणे झाली. साहेब म्हणाले, "तुम्हाला तुमची बाजू मांडायची असेल तर मांडा."

मी घरून ठरवून गेले होते. ओढा ओलांडेपर्यंत वाक्यं म्हणत गेले होते. उभी राहिले. समोर तात्या, त्याच्या बाजूला बाकीचे. जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच. एक शब्द आला नाही. साहेब थांबले. चांगले होते, बराच वेळ थांबले.  मग म्हणाले, "ठीक आहे, बसा."

हात वर झाले. नंदाताईचाही झाला. सगळ्यात शेवटी, कोपरापर्यंतच, पण झाला. मी तिला दोष देत नाही. तिलाही ओढ्याअलीकडं घर आहे.

तात्या प्रभारी सरपंच झाला. मी नुसती सदस्य राहिले.

त्या दिवशी परत येताना मला एक गोष्ट कळली. ज्या दिवशी मी 'न्हाई' म्हणाले त्या दिवशी मी धीट नव्हते. घर तुटणार म्हणून तोंडातून निघून गेलं. आणि ज्या दिवशी बोलायची पाळी रीतसर दिली, त्या दिवशी बोलता आलं नाही, कारण बोलायची सवयच नव्हती. त्यांना सभेची सवय आहे. त्यांची पोरं पारावर बसून बापाला सभेत बोलताना ऐकतात. आम्हाला ऐकायचीही सवय नाही. ती सवय करावी लागेल, भाकरी थापायची करतो तशी.

म्हणून मी वस्तीत सभा घ्यायला लागले. माझ्या ओट्यापुढं. खुर्ची नाही, सगळ्यांनी जमिनीवर, गोल बसायचं. पौडच्या मॅडमनी सांगितलेलं मला आठवेल तेवढं केलं आणि नाही पटलं ते सोडलं. मी 'लाजू नका' असं कुणाला म्हणाले नाही. पहिल्यांदाच सांगितलं, आज कशावर बोलायचं ते. आणि जी सगळ्यात कमी बोलते तिला आधी विचारलं. कारण मोठ्या आवाजाची बाई आधी बोलली की बारीक आवाजाची म्हणते, माझं तेच.

पहिल्या सभेत सगळ्याच एकदम बोलल्या आणि कुणाचं कुणाला कळलं नाही. दुसऱ्या सभेत कुणीच बोललं नाही. पुढच्या सभेत गजरामावशीनं तिची शेळी कुणी मारली ती गोष्ट सुरू केली ती संपेना.

"मावशी, शेळी आजच्या इषयात न्हाई," मी म्हणाले.

"मग माझी शेळी कंच्या इषयात बसती?"

"ऐनवेळच्या."

"त्याला परवानगी लागती व्हय गं?"

"लागती."

"मग दे की मेले. शेळी मरून वरीस झालं."

सगळ्या हसल्या. मीही हसले. त्याच शब्दावर ऑफिसात ते लोक किती वेळा हसले होते. हे हसणं अंगाला लागलं नाही. मावशीला परवानगी दिली. शेळी कुणी मारली ते तिनं नाव घेऊन सांगितलं. तात्याच्या चुलतभावाचं नाव होतं. ते तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. हसणं बंद झालं. मग एक सून बोलली, तिला गावच्या नळावरून हाकलतात ते. मग दुसरी. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत कुणी उठलं नाही.

नवरा लांब दगडावर पाठ करून बसायचा. तो आता हिंजवडीला बांधकामावर जातो. सभेत येत नसे, पण ऐकत असायचा हे मला त्याच्या मानेवरून कळायचं.

आता तो विषय पुन्हा आलाय. आयत्या वेळी नाही, कागदावर. बूटवाल्याला मासिक सभेचा ठराव पुरत नाही, ग्रामसभेचा हवाय. ऑफिसच्या फळ्यावर नोटीस लागलीय: रस्त्यास मंजुरी व गायरानातील अतिक्रमण हटवणे. परवा ग्रामसभा, देवळापुढं.

ग्रामसभेची दवंडी आमच्या घरानं द्यायची, अशी जुनी चाल आहे. सासरा द्यायचा, आता नवरा देतो. हलगी वाजवत गावभर फिरायचं. गावाला सभेला बोलावणारे आम्ही, आणि सभेत बसायला आम्हाला जागा देवळाच्या मागच्या भिंतीपाशी, जिथं बोललेलं ऐकू येत नाही. आणि वस्तीत दवंडी कधीच दिली नाही. देणारा तिथलाच, मग कळलंच असेल की, असं धरायचे. सासऱ्यानंही तसंच धरलं. आम्हाला बोलावणं असं कधी आलंच नाही.

काल शिपाई सांगायला आला. दवंडी द्यायचीय. आपलंच घर पाडायच्या सभेची दवंडी. नवऱ्यानं हलगी खाली काढली, ती शेकायला जाळ केला आणि तिथंच बसून राहिला.

"देऊ का नगं?" त्यानं मला विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला काही विचारलं.

"द्या. पर आदी हितं द्या."

तो वस्तीच्या मधोमध उभा राहिला. आधी हळू वाजवली, मग जोरात. "परवा सकाळच्याला गरामसभा हाय. समद्यांनी यायचं. बायामाणसांनी बी यायचं." लोक घरातनं बाहेर आले. मग तो ओढा ओलांडून गावात गेला.

आज सकाळी तात्याचा निरोप आलाय. सभेत तोंड उघडलं तर पोरींना शाळेत जाणं अवघड होईल. निरोप आणणाऱ्यानं हसत सांगितलं. मी हे लिहितेय. पोरी आत अभ्यास करतायत. मला भीती वाटतेय. त्या पहिल्या दिवशी वाटली होती त्याहून जास्त, कारण तेव्हा काय काय जाऊ शकतं ते मला माहीत नव्हतं.

पण परवा काय करायचं ते ठरलंय. आम्ही ओट्यापुढं बसून ठरवलंय. भिंतीपाशी कुणी बसायचं नाही. पुढं बसायचं, अध्यक्षाच्या समोर. ठराव वाचला की मी उठून म्हणणार, अतिक्रमण म्हणजे कुणाकुणाचं घर, ती नावं वाचा. ज्याचं नाव येईल त्यानं उभं राहायचं आणि उभंच राहायचं. म्हातारीनं, लेकुरवाळीनं, सगळ्यांनी. मंजूर म्हणून हात वर करायच्या आधी गावाला आमची तोंडं बघावी लागतील.

ते नावं वाचणार नाहीत. मग मी वाचणार. पहिलं माझं. चौथीपर्यंत जे शिकले तेवढं नावं वाचायला पुरतं. आवाज नाही फुटला तर पुन्हा पहिल्यापासून वाचीन. ओरडतील, बस म्हणतील, आभार मानून मोकळे व्हायला बघतील. मी बसणार नाही. शेवटचं नाव वाचून होत नाही तोवर ती सभा संपलेली नाही.